परका हात

पुण्याला परत आल्यापासून मला भेटणारी माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, वऱ्हाडात ऊन फार होतं का. दुसरा विचारताना आवाज खाली आणतात. "काय हो, निम्म्या रोग्यांना म्हणे तुम्ही मुद्दामच औषध दिलं नाही?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. होतं, आणि मी जिवंत परत आले. दुसऱ्याचं उत्तर मी आतापर्यंत जिन्यात दिलं, लग्नाच्या पंगतीत दिलं, एकदा तर हळदीकुंकवाला ओटी भरून घेता घेता दिलं. आता एकदाच लिहून टाकते. ज्यांना माझ्यावर रागवायचं आहे त्यांनी सगळं वाचून मग रागवावं.

तर होय, निम्म्यांना दिलं नाही. उद्या पुन्हा जायची वेळ आली तर पुन्हा तसंच करीन.

माझा थोरला भाऊ क्षयानं गेला. त्या काळी सोन्याच्या सुईचं नाव फार गाजत होतं. सोन्याचा क्षार शिरेतून टोचायचे, आणि सोनं म्हटल्यावर घरच्यांनाही धीर यायचा. भावाच्या अंगावर पुरळ उठलं, मग कातडी सोलवटली, मग लघवी तांबडी होऊन तोंड सुजलं. डॉक्टर म्हणाले, सोनं उशिरा दिलं. मी तेव्हा परकरी पोर नव्हते, कॉलेजात होते. मी विचारलं, लवकर दिलेल्यांचं काय झालं? तर म्हणे, जे जगले ते सोन्यानं जगले. आणि जे गेले? ते रोगानं गेले. असा हिशेब मांडला तर चुन्याची निवळीही रामबाण ठरेल. माझी डॉक्टरकी या रागावर उभी आहे, आणि तो राग अजून शिल्लक आहे.

आता नवं औषध आलं आहे, स्ट्रेप्टोमायसीन. विलायतेत त्याचा बोलबाला आहे. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर त्याच्या थोड्या कुप्या मुंबईच्या एका मंडळाच्या हाती आल्या. सगळ्यांना पुरतील एवढ्या त्या नव्हत्याच. मंडळानं ठरवलं की द्यायचं तर असं द्यायचं, की शेवटी काहीतरी कळेल. निम्म्या रोग्यांना सुई, खाट, दूध, अंडी आणि आराम. निम्म्यांना आजवर सगळ्यांना मिळत होतं तेच, म्हणजे सुई सोडून बाकी सगळं. कोणाला काय, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही. डॉक्टरचा हात आपसूक त्या रोग्याकडे जातो जो बरा होईलसा वाटतो. मग तो बरा झाला की औषधाचं नाव होतं, आणि आपण पुन्हा सोन्याच्या सुईपाशी येतो. औषध खरं ठरलं तर पुढच्या साठ्यावर पहिला हक्क उरलेल्या निम्म्यांचा, हे मी मंडळाकडून भांडून कबूल करून घेतलं. आणि मग अमरावतीला मलाच पाठवलं, कारण दुसरं कोणी जायला तयार नव्हतं.

अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरले तेव्हा कापसाचा हंगाम संपत आला होता. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागलेली, आणि हवेत कापूस उडत होता तो माझ्या केसांत, पापण्यांत, चहाच्या कपात. स्टेशनाबाहेर संत्र्यांचे ढीग होते. टांगेवाल्यानं माझी ट्रंक उचलली आणि मला खालीवर न्याहाळलं.

"एकल्याच आल्या का, बाई? लगन झालं नाई, का मालक वारले?"

"केलं नाही," मी म्हटलं.

"मंग बरं हाय. रडाचं काम नाई," असं म्हणून त्यानं घोड्याला टिचकारलं. पुण्यात हाच प्रश्न विचारायला माणसं सहा महिने घेतात आणि तरी विचारत नाहीत, दुसऱ्याकडून काढून घेतात. मला हा माणूस पहिल्या फटक्यात आवडला.

दवाखाना गावाच्या शिवेवर होता. तट्ट्यांच्या भिंतींच्या लांबट बराकी, मध्ये एक मोठं कडुनिंबाचं झाड, आणि पाणी बैलगाडीवरच्या पिपातून यायचं. तिथले प्रमुख म्हणजे मोठे डॉक्टर. त्यांना सगळे याच नावानं हाक मारीत. भला माणूस. पण भल्या माणसांना नाही म्हणता येत नाही, आणि ते पुढं मला चांगलंच भोवलं.

मुंबईहून मी बंद लिफाफे नेले होते. रोगी दाखल झाला की एक लिफाफा उघडायचा. आत 'सुई' किंवा 'आराम' लिहिलेलं. त्यांचा क्रम कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. मंडळाच्या बैठकीत या रीतीचं फार कौतुक झालं होतं. मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दार लावून लिफाफे उघडले आणि बाहेर येऊन, आमच्याकडच्या सवयीनं, ज्याचं त्याला हळू आवाजात सांगितलं.

आठवडा जायच्या आत खाटा रिकाम्या व्हायला लागल्या. ज्यांना सुई नव्हती ते गेलेच, पण सुई मिळाली होती त्यातलाही एक गेला. बाकीच्यांची नजर लागते म्हणाला. बायकोला पाठुंगळी आणून गाडीत बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी फाटकात गाठलं आणि लिफाफ्याची निष्पक्षता समजावून सांगू लागले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, लिफाफा तुमचा, चिठ्ठी तुमची, अन् दारबी तुमीच लावलं. मंग आमी काहून मानाव?"

मला राग आला. राग यायचं कारण असं, की म्हातारा खरं बोलत होता.

हिवरखेड

रोगीच नाहीत म्हटल्यावर रोगी शोधायला निघाले. अकोल्याला एक मुक्काम केला. तिथल्या खानावळीत वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा पुढ्यात आला. मी आमटीत गुळाचा खडा शोधणारी बाई. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून, आणि वाढणारी बाई कौतुकानं बघते आहे. तिसऱ्या घासाला मात्र मी आणखी ठेचा मागितला, कारण हार मानून परत जायचं नाही असं ठरवूनच मी आले होते.

अकोटपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. काळ्या मातीच्या वाटेवर एका नाल्यात गाडीचं चाक रुतलं आणि माझा वजनाचा काटा, मुंबईहून कापसात गुंडाळून आणलेला, तोंडावर चिखलात पडला. पाठोपाठ मीही. काटा काही पुन्हा सरळ झाला नाही.

हिवरखेडला मी नथ्थूजी नावाच्या माळ्याच्या मळ्यात उतरले. उंच, खणखणीत आवाजाचा, स्वतःच्या मतांवर फार खूश असलेला माणूस. मळ्यात वांगी, मेथी, कांदा, बांधाला केळी आणि एका वाफ्यात झेंडू. माझ्या काट्याची अवस्था पाहून तो पोट धरून हसला आणि त्यानं आपला पोती तोलायचा मोठा काटा आंब्याच्या फांदीला टांगला. एका पारड्यात रोगी, दुसऱ्यात कांद्याची पोती. आमच्या शास्त्रीय प्रयोगाची पहिली वजनं अशी झाली. बायका आधी लाजल्या, मग एकमेकींना ढकलू लागल्या, आणि एकच हशा उसळला.

शेवटी नथ्थूजीनं आपल्या सुनेला बसवलं. देवका तिचं नाव, विशी ओलांडलेली, डोळे मोठे आणि गालाची हाडं वर आलेली. तिच्या पारड्यासमोर एकच पोतं होतं आणि पारडं तरी खाली येईना.

"कांद्याच्या पोत्याइतकीबी नाई राह्यली," नथ्थूजी म्हणाला. हसणं थांबलं.

खोकला सुरू झाल्यावर गावानं त्याला सांगितलं होतं की सुनेला माहेरी धाडा. आमच्याकडेही तेच सांगतात, फक्त जरा गोड शब्दांत, हवापालटाला पाठवा म्हणतात. नथ्थूजीनं धाडली नव्हती. "आणली तवा चांगली होती ना? बिमार इथंच पडली. माणूस का मेथीची जुडी हाय, पिवळी पडली का फेकून द्याव?" हे तो मला सांगत नव्हता. बांधापलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून बोलत होता.

त्या दिवशी मळ्यात रोडगे केले होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप ओतायचं आणि वांग्याच्या तर्रीदार भाजीत बुडवून खायचे. पुण्यात कोणाला गोवरीवरचं अन्न खाल्लं म्हणून सांगितलं तर नाक मुरडतील. मुरडोत. मी इतके खाल्ले की मला काट्यावर बसवायची थट्टा सुरू झाली.

जेवणं झाल्यावर माणसं विहिरीपाशी जमली. विहीर चार-पाच घरांची सामायिक होती, आणि उन्हाळा तोंडावर आल्यानं मोटेच्या पाळ्या ठरवायच्या होत्या. प्रत्येकानं आपली एक खूण नथ्थूजीच्या उपरण्याच्या झोळीत टाकली. कुणी चिंचोका, कुणी कवडी, कुणी सुपारी, कुणी बांगडीचा तुकडा. मग झोळी माझ्यापुढं आली.

"घाला हात, बाई. एकेक काढा."

"मी कशाला?"

"तुमचं इथं कोणी नाई. सोयरा नाई, धायरा नाई. कोणती खूण कोणाची हे तुमाले ठाव नाई. असाच हात लागते."

मी काढल्या. ज्याची कवडी शेवटी निघाली त्याची पाळी शेवटची, म्हणजे ऐन दुपारची. त्यानं कवडी उचलली, कनवटीला लावली आणि बैल सोडायला निघून गेला. एक शब्द नाही. मी नथ्थूजीला विचारलं, चिठ्ठ्या का नाही टाकत?

"चिठ्ठी लिहिणाऱ्याले वाचता येते," तो म्हणाला.

मला फाटकातला म्हातारा आठवला. मी तिथल्या तिथं ठरवलं. लिफाफे ट्रंकेत जातील आणि दवाखान्यातही अशीच झोळी धरायची, असं मी त्याला सांगितलं. त्यावर नथ्थूजी असा काही फुगला की मला त्याच्याशी भांडावंच लागलं. त्याचं म्हणणं, म्हाताऱ्यांना आधी घ्या, त्यांना दिवस थोडे. माझं म्हणणं, असं एकदा आधी-मागं केलं की सगळं मातीत. शिवाय मी दोन अटी घातल्या. थुंकीत जंतू दिसले त्यांनीच खूण टाकायची, आणि टाकल्यावर माघार नाही. मिशीला पीळ भरून तो म्हणाला, "बाई, तुमी बायको म्हणून लय कठीण पडल्या असत्या." ही त्याची कबुली होती.

कडुनिंबाखाली

पहिली झोळी अमरावतीला निंबाखाली, सगळ्यांसमोर धरली. गावोगावचे नातेवाईक उकिडवे बसलेले, पोरं भिंतीवर चढलेली. झोळी नथ्थूजीनं धरली. देवका दाखल झाली होती, पण तिच्या थुंकीत जंतू सापडले नव्हते, म्हणून ती या खेपेत नव्हती. "यात माझं माणूस नाई, तवा झोळी मी धरतो," असं त्यानं ओरडून जाहीर केलं. निम्म्या खुणा निघेपर्यंत मी काढत राहिले. निघाल्या त्यांना सुई, राहिल्या त्यांना आराम. राहिलेल्यांपैकी एकीची आई ओक्साबोक्शी रडली. पण कोणी खाट सोडली नाही. एकही गाडी फाटकाबाहेर गेली नाही.

मोठे डॉक्टर घाबरले होते. "मुंबईला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मुंबईला मी कळवलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन महिने गेले असते, आणि उत्तर लिफाफ्यातूनच आलं असतं.

पुढचे आठवडे ऊन चढत गेलं. कुप्यांची पेटी ओल्या पोत्यात गुंडाळून वाळूच्या खड्ड्यात ठेवायची, आणि मी स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन सुया टोचत फिरायची. संध्याकाळी काम संपलं की देवकाच्या खाटेजवळ बसायची. नथ्थूजी दर आठवड्याला दुधाची हंडी आणि टोपलीभर झेंडू घेऊन यायचा, आणि ती पडल्या पडल्या माळा ओवायची. सुईदोऱ्यानं नव्हे. केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची, धांदोटी ओली करून तिच्या गाठीत फूल अडकवायचं. मला ते जमेना. माझ्या गाठी सुटायच्या.

"डाक्टरकी कशी जमली तुमाले?" ती विचारायची. "इतकी साधी गाठ येऊन नाई राह्यली."

ती मला नवऱ्याच्या नकला करून दाखवायची. तो मळा सांभाळायला गावी राहिला होता. मला ती फार आवडायला लागली, हे सरळ सांगते. महिन्याभरात माझ्या बोटांना ती गाठ यायला लागली, डोळे मिटूनसुद्धा. मऊ, चपटी, एका बाजूला शेपूट असलेली.

आणि मग तिच्या थुंकीत जंतू दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली मीच पाहिले, लाल काड्या, निळ्यावर. मला वाईट वाटलं, आणि लगेच वाटलं की बरं झालं, आता ही झोळीत येईल. दोन्ही एकदम वाटलं.

दुसऱ्या झोळीच्या आदल्या दिवशी बापूसाहेब आले. तिकडचे मोठे जमीनदार, स्वतःची मोटार, पांढरं शुभ्र धोतर. त्यांचा पुतण्या आमच्याकडे दाखल होता, थुंकीत जंतू होते. मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची झटकून दिली.

"देखो बाई, सीधी गोष्ट सांगतो," बापूसाहेब म्हणाले. "तुमच्या दवाखान्यात पाणी नाही. मी विहीर खोदून देतो, बांधून देतो. पुतण्याले उद्यापासून सुई चालू करा."

मोठे डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. खरं सांगायचं तर विहिरीचं नाव ऐकून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. त्या दिवशी गाडीवरचं पीप अर्धंच आलं होतं.

"पुतण्याची खूण झोळीत टाका, बापूसाहेब."

"म्हणजे माळ्याकुणब्यांसंगं?"

"त्यांच्यासंगंच. जंतू एकच आहेत."

"एखादी कुपी इकडची तिकडं झाली तर..." मोठे डॉक्टर पुटपुटले.

"तर मी उद्याच्या गाडीनं पुण्याला जाते," मी म्हटलं, "आणि जाताना फाटकात उभी राहून का जाते ते सगळ्यांना ओरडून सांगते. ओरडायला मी इथं शिकले आहे." बापूसाहेब उठले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या माणसानं पुतण्याची खूण आणून दिली, कोटाचं चांदीचं बटण.

दुसरी झोळी

निंब फुलला होता आणि बारीक पांढरी फुलं सगळ्यांच्या अंगावर गळत होती. या खेपेला झोळी मोठ्या डॉक्टरांनी धरली, कारण देवका आत होती आणि नथ्थूजी आपणहून बाजूला बसला. एकेकानं खूण टाकली. चिंचोका, सरकी, बटण. देवकाला आधार देऊन आणलं. तिनं मूठ झोळीवर उघडली आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं.

केळीच्या सोपटाची गाठ होती.

मी पुढं झाले. हात झोळीत घालणार एवढ्यात नथ्थूजी उभा राहिला.

"बाई, तुमी नका."

"का?"

"दुसरा कोणी पाहा."

माझे कान तापले. इतके आठवडे ज्या माणसांसाठी मी उन्हात होरपळले, त्यातलाच एक मला भर चौकात खोटी ठरवतो आहे असं वाटलं. फाटकाबाहेर एक धार लावणारा आपलं चाक टेकवून विडी ओढत होता, बऱ्हाणपुराकडचा. नथ्थूजीनं त्यालाच हाक मारली.

"मैं क्यों? मेरा यहाँ कौन है?" तो म्हणाला.

"कोणी नाई, म्हणूनच तं," नथ्थूजी म्हणाला.

त्यानं विडी विझवली, हात पुसला आणि एकेक खूण काढू लागला. चिंचोका निघाला. सरकी निघाली. मग चांदीचं बटण निघालं आणि बापूसाहेबांच्या माणसानं टाळीच वाजवली. मी मोजत नव्हते, पण शेवटची खूण कोणती हे मला कळत होतं. ती सुपारी होती. गाठ झोळीतच राहिली.

बापूसाहेबांच्या पुतण्याला सुई, देवकाला आराम. हे मी पुण्यात सांगते तेव्हा माणसं चुकचुकतात. चुकचुकू नका. ज्या झोळीतून जमीनदाराचा पुतण्या कधीच निघत नाही ती झोळीही खोटीच. मागून कोणीतरी ओरडलं, "बापूसायबाले सांगजा, आता विहीर!" आणि त्या दुःखातही माणसं हसली. विहीर खोदायला घेतली आहे, हेही सांगून ठेवते. माणसं लाजेनं देतात तेही गोडच लागतं.

नथ्थूजीला मी निंबामागं गाठलं.

"स्वतःच्या सुनेचं नुकसान केलंत तुम्ही," मी म्हटलं. "मी काय बेइमानी करणार होते?"

"तुमच्या बोटाले ती गाठ वळखू येते."

"ओळखली असती तरी सोडून दिली असती."

"तेच म्हणून राह्यलो," तो म्हणाला. "वळखून काढली असती तं दुसऱ्याचं गेलं असतं. वळखून सोडली असती तं तिचं गेलं असतं. दोन्हीकडून हात बाटला ना, बाई? पहिल्या खेपेले तुमचं इथं कोणी नव्हतं. आता हाय." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले, अगदी उघडपणे. मीही रडले. परक्या गावात, परक्या माणसासमोर मी रडेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना

तिसरी झोळी व्हायच्या आत माझ्या जागी दुसरा डॉक्टर आला आणि माझी परत जायची वेळ झाली. कोण बरं होतं आहे हे अजून सांगता येत नाही. पुतण्याचा ताप उतरला आहे. एका सुईवाल्याच्या कानात आवाज होतात आणि तो चालताना झुकतो, ते आम्ही मांडून ठेवलं आहे. सोन्याच्या वेळी असलं काही कोणी मांडलं नव्हतं.

निघायच्या दिवशी देवकाकडे गेले. ती उशीला टेकून माळ ओवत होती. रंग आला आहे असं मला वाटलं, पण माझ्या वाटण्यावर माझाच विश्वास नाही, आणि तो का नाही हे आता तुम्हाला कळलं असेल.

"मी मुद्दामच टाकली होती ती गाठ," ती म्हणाली. "तुमाले सापडाव म्हणून. मामाजीनं पाह्यलं."

"सासऱ्यांवर रागावलीस?"

"चार दिवस बोलली नाई. त्याईनं आणलेलं दूध मातर पिऊन घेतलं." मग तिनं विचारलं, "बाई, पुण्याले जाऊन तुमी लिहान ना, सुई कोणाले देल्ली, कोणाले नाई?"

"लिहीन."

"मंग माझ्या नावापुढं लिहा, सुई नाई देल्ली, तरी जिवंत हाय. दरसाली इचारा अन् दरसाली तेच लिहा. मी काही मरून नाई राह्यली."

"तुझ्यासारख्या सगळ्याच जगल्या," मी म्हटलं, "तर माझं औषध खोटं पडेल, देवका."

"पडलं तं पडलं," ती म्हणाली आणि टोपलीतलं पुढचं फूल उचललं.

पडलं तर पडलं. ज्या औषधासाठी मी मुंबईशी भांडले, बापूसाहेबांशी भांडले, त्यानं सपशेल हरावं असं मी त्या खाटेपाशी उभी राहून मनापासून मागितलं, आणि अजून मागते. म्हणून तर झोळीत माझा हात नको.